कमानीतली जागा

६ जानेवारी २०२४, शनिवार

दुकान बंद करायच्या वेळी भाचा आला. त्याची पोलो, २०१५ची जीटी टीएसआय. दिवाळीत स्प्रिंगा बदलून गाडी ३५ मिमी खाली घेतलीय. चाकणला नोकरी आणि चाकणचीच गाडी, म्हणून त्याचा तिच्यावर फार जीव. तिथल्या फोक्सवॅगनच्या कारखान्यात २००९ च्या अखेरीस पोलो बनायला लागली आणि २०२२ मध्ये बंद झाली. आता नवी मिळणार नाही, त्यामुळे आहे ती नीट ठेवायची आणि आपल्या मनासारखी करायची, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं.

त्याने फोनवर चाकं दाखवली. १७ इंची, रुंदी साडेसात, ऑफसेट ३५, वर २१५/४५चे टायर. विकणारा म्हणाला, थेट बसतात.

"पीसीडी जुळतो ना मामा, पाच बोल्ट, शंभरचा."

"तो, म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, जुळला म्हणजे बोल्ट भोकात जातील. चाक कमानीत फिरेल का, ते त्यावरून कळत नाही. उद्या सकाळी ये, चाकं काढू आणि मापू. तोपर्यंत ॲडव्हान्स देऊ नकोस."

दिला नव्हता. बरं झालं.

७ जानेवारी, रविवार

सकाळी गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे निवांत मापता आलं. गाडी सपाट फरशीवर घेतली, टायरमध्ये ३३ची हवा केली आणि गाडी चारही कोपऱ्यांवर दाबून दाबून स्प्रिंगा जागेवर बसू दिल्या. जॅकवरून नुकतीच उतरवलेली गाडी उंच राहते, तिची मापं खोटी येतात.

आधी बाहेरची बाजू. मागच्या कमानीच्या पत्र्यावरून, बरोबर चाकाच्या मध्यावर, ओळंबा सोडला. दोरीपासून टायरच्या फुगवट्यापर्यंतचं अंतर पट्टीने घेतलं. मागे उजवीकडे १९ मिमी, मागे डावीकडे १६. भाच्याला वाटलं माप चुकलं, म्हणून त्याने स्वतः पुन्हा घेतलं. तेच आलं. पोलोला मागे ट्विस्ट बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा तुळईसारखा भाग. तो रबरी बुशांवर टांगलेला असतो आणि बॉडीच्या अगदी मध्यावर क्वचितच बसतो. दोन-तीन मिमी इकडेतिकडे कारखान्यातूनच येतं. मूळ टायरला त्याने काही बिघडत नाही, रुंद टायरला बिघडतं. म्हणून चारही चाकं मापायची, एक मापून चार धरायची नाहीत.

मग कमानीत हात घालून पत्र्याची आत वळलेली कड चाचपली. ती ११ मिमी आत येते. ओळंबा पत्र्याच्या बाहेरच्या कडेवरून सोडलेला असतो, त्यामुळे १९ मिमी दिसले तरी टायर वर उचलला जाताना त्याला खरी वाट आठच मिमीची.

नंतर पुढचं चाक. इथे आतली बाजू महत्त्वाची. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरची नळी टायरच्या अगदी शेजारून वर जाते. टायर आणि नळी यांत जिथे सगळ्यात कमी जागा आहे तिथे लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक सरकवून बघितलं. २४ मिमी. दोन्ही बाजूंना सारखं.

शेवटी जुना टायर वर्निअरमध्ये धरला. टायरवर १८५ लिहिलंय, वर्निअर १९४ सांगतो. १८५ हे नावापुरतं माप आहे, फुगवट्यापाशी टायर जास्तच भरतो. त्यात रिम जितकी रुंद तितका तो पसरतो, अर्ध्या इंचाला साधारण पाच मिमी. वहीतली पुढची सगळी गणितं मी १९४ धरून करणार आहे.

९ जानेवारी, मंगळवार

ऑफसेट भाच्याला समजावताना कागदावर चाकाचा उभा छेद काढला. रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला चिकटणारा सपाट भाग यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. आकडा जितका मोठा तितकं चाक आत, जितका लहान तितकं बाहेर. पोलोचं १५ इंची चाक सहा इंच रुंद आणि ऑफसेट ४०. टायरची निम्मी रुंदी ९७. मग टायर हबच्या बाहेर ९७ वजा ४०, म्हणजे ५७, आणि आत ९७ अधिक ४०, म्हणजे १३७.

आता त्याची फोनवरची चाकं. साडेसातच्या रिमवर २१५चा टायर २१८ भरेल, निम्मे १०९. ऑफसेट ३५. बाहेर ७४, आत १४४. म्हणजे टायर १७ मिमी बाहेर सरकणार. मागे डावीकडे एकूण १६ मिमीच जागा आहे. तिथे टायर पत्र्याच्याही बाहेर डोकावणार.

उंचीचा हिशेब तर आणखी वाईट. १८५/६० आर १५चा व्यास ६०३ मिमी, २१५/४५ आर १७चा ६२५. निम्मा फरक, ११ मिमी, वरच्या बाजूला कमानीत शिरणार. गाडी आधीच ३५ मिमी खाली बसलीय. बाहेर १७ आणि वर ११, दोन्ही एकदम. शिवाय स्पीडोमीटरने १०० दाखवलं की गाडी आधीपेक्षा पावणेचार टक्के जास्त धावत असणार.

भाचा गप्प बसून आकडे बघत होता. मग म्हणाला, "मग मामा, रुंद चाक बसतच नाही का?"

बसतं की. याच पिढीच्या पोलोला युरोपात कारखान्यातूनच सात इंची रिमवर २१५/४५ आर १६ मिळायचे, ऑफसेट ४६. तिथल्या जीटीआयला तर १७ इंची. गाडीच्या पोटात जागा आहे, पण ती आतल्या बाजूला जास्त आहे. बाजारातली बहुतेक चाकं बाहेरची जागा खातात, कारण चाक पत्र्याशी सपाट आलं की गाडी दिसायला देखणी होते. ती देखणी दिसावी असं मलाही वाटतं. मात्र गाडीत चार माणसं बसून खड्ड्यात गेल्यावरही ती तशीच चालली पाहिजे.

ऑफसेट कमी करण्यात आणखी एक गोष्ट बिघडते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. स्टिअरिंग ज्या अक्षावर फिरतं तो अक्ष खाली वाढवला तर जमिनीला कुठेतरी टेकेल. फोक्सवॅगन-ऑडीच्या गाड्यांत तो टायरच्या मध्याच्या किंचित बाहेर टेकतो, आणि तसा मुद्दामच ठेवलेला असतो. १९७२ च्या ऑडी ८०पासून त्यांनी हे धरलं. ब्रेकची पाइपलाइन तिरकी विभागलेली असते, पुढचं डावं आणि मागचं उजवं एकत्र. त्यातली एक जोडी निकामी झाली तर पुढचं एकच चाक ब्रेक धरतं आणि गाडी तिकडे ओढली जायला हवी. पण अक्ष बाहेर असल्याने ते ब्रेक धरलेलं चाक स्वतःहून उलट बाजूला वळू बघतं आणि गाडी सरळ राहते. चाक बाहेर काढत गेलो की हे अंतर कमी कमी होतं. चाक बाहेर काढायला स्पेसर लावणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

११ जानेवारी, गुरुवार

गुरुवारची लाइट गेली, कॉम्प्रेसर बंद. दुपारी ताईचा फोन. "अरे, तुझ्या भाच्याने गाडीला काय करायचं ठरवलंय? जरा समजाव त्याला." सांगितलं, समजावतोच आहे, आणि तो ऐकतोही आहे.

१२ जानेवारी, शुक्रवार

पर्याय ठरला. १६ इंच, सात इंची रिम, टायर २०५/५०.

व्यास ६११, मूळच्यापेक्षा दीड टक्क्याहूनही कमी जास्त. वर कमानीत चारच मिमी जातील. लोड इंडेक्स ८७, म्हणजे एका टायरला ५४५ किलो. मूळ टायरचा ८४, म्हणजे ५०० किलो. हा आकडा मूळच्या खाली कधीही जाऊ द्यायचा नाही, मग टायर कितीही रुंद असो. रुंदीवरून भार ठरत नाही, आतल्या हवेवरून ठरतो.

२०५/४५ही बघितला होता. व्यास ५९१ येतो, कमानीला सोयीचा. पण गाडी आणखी सहा मिमी खाली जाईल. मुळात या गाडीखाली मोकळी जागा १६८ मिमी, स्प्रिंगांनंतर १३३च्या आसपास. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधकाची उंची १०० मिमी आणि रुंदी ३.७ मीटर सांगितलीय. तसा लांबट, गोलसर गतिरोधक असला तर ही गाडी आरामात जाईल. आपल्या गल्लीबोळांतले रातोरात घातलेले उंचवटे अरुंद आणि टोकदार, तिथे गाडीचं पोट मध्येच टेकतं. सहा मिमी मला तिथे हवेत. टायरची भिंतही हवी. १८५/६०ची भिंत १११ मिमी, २०५/५०ची १०२, २१५/४५ची ९७, आणि लोक हौसेने घालतात त्या २१५/४०ची ८६. खड्ड्याच्या कडेवर टायर चेपून रिमला लागतो तेव्हा याच मिमींचा हिशेब लागतो. दर पावसाळ्यात माझ्याकडे वाकलेल्या रिमा येतात आणि त्यांतल्या बहुतेकींवर बारीक भिंतीचा टायर असतो.

ऑफसेट ३८ घ्यायचा की ४२? २०५चा टायर सातच्या रिमवर २१९ भरतो. जुन्याहून २५ मिमी जास्त, म्हणजे दोन्हीकडे साडेबारा. ४२ घेतला तर बाहेर साडेदहा, आत साडेचौदा. मागे उजवीकडे साडेआठ मिमी उरतात, डावीकडे साडेपाच, आणि पुढे स्ट्रटपाशी साडेनऊ. ३८ घेतला तर मागे डावीकडे दीडच मिमी राहतो. ४२.

पत्र्याची कड मात्र दुमडावी लागणार. ती ११ मिमी आत येते आणि आपल्याकडे साडेपाच-साडेआठच आहेत. हे भाच्याला आजच सांगून ठेवलं. खर्चात धर म्हटलं.

१३ जानेवारी, शनिवार

जुनी चाकं बघायला दोघं गेलो. विकणाऱ्याकडे १६ बाय ७, ऑफसेट ४२, पाच-शंभरचा सेट होता. मागच्या बाजूला ओतकामात जेडब्ल्यूएलची खूण, ही जपानी चाचणीची खूण. भाराचा आकडाही ओतलेला. रंग ताजा होता, म्हणून मी चारही चाकं पालथी घातली आणि आतल्या कडेवरून बोट फिरवत गेलो. एका चाकाच्या आतल्या कडेला विताएवढी जागा बोटाला खरखरीत लागली. टॉर्च आडवा धरला तर रंगाखाली वेल्डिंगचा उंचवटा स्पष्ट दिसला. तडा गेलेलं चाक वितळवून जोडलं आणि वर पावडर कोटिंग केलं. ॲल्युमिनियमचं चाक ओतल्यानंतर तापवून, थंड करून कडक केलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूची ती कडकी निघून जाते. मग तडा जोडाच्या शेजारी पुन्हा जातो, आणि हवा एका क्षणात सुटते. आतली कड म्हणजे खड्ड्याचा मार खाणारी कड.

विकणारा म्हणाला, एवढ्याने काही होत नाही, शेकड्याने चालतात. मी वाद घातला नाही. भाच्याला उठवलं आणि निघालो. परतताना मी बराच वेळ बोललो नाही, राग आला होता. त्या चाकावर कुणाची तरी बायकापोरं एक्सप्रेस वेवर बसणार आहेत.

१५ जानेवारी, सोमवार. संक्रांत

नवा सेट मागवला, त्याच मापाचा. ताईने तिळगूळ पाठवला होता. संध्याकाळी भाच्याला जुनं १५ इंची चाक टायरसकट भंगारवाल्याच्या ताणकाट्यावर लावून दाखवलं, साडेसोळा किलो. शेजारी एका गिऱ्हाइकाचं १७ इंची होतं, ते २१ भरलं. स्प्रिंगच्या खाली लटकणारं वजन हे. चाक खड्ड्यातून वर उसळतं तेव्हा शॉकॲब्सॉर्बरला तेवढं थोपवावं लागतं, आणि त्यातलं बरंचसं वजन कडेला, फिरतं. १७ इंचांचा विषय त्याने स्वतःच सोडला.

१७ जानेवारी, बुधवार

चाकं आली. वजन, खुणा, कडा सगळं तपासलं. ठीक.

आता बोल्ट. या विषयावर मी दुकानात रोज बोलतो, तरी पुन्हा लिहितो. जर्मन गाड्यांना स्टड-नट नसतात, हबमध्ये बोल्ट जातो. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टच्या डोक्याखालचा भाग गोल असतो, चेंडूच्या तुकड्यासारखा घडवलेला, आणि मूळ चाकातली खाचही तशीच गोल. बाजारातल्या चाकांना बहुधा ६० अंशांची शंकूची खाच असते. आमच्या या नव्या चाकांनाही तीच आहे. जुना गोल बोल्ट शंकूच्या खाचेत आवळला तर नरसाळ्यात ठेवलेल्या लिंबासारखा तो एका बारीक कड्यावरच टेकतो. पाना घट्ट लागतो, हाताला सगळं बरोबर वाटतं. चालवल्यावर त्या कड्याखालचं ॲल्युमिनियम दबत जातं, ताण उतरतो, बोल्ट सुटत जातो. मग एखाद्या दिवशी गाडीतून टकटक ऐकू येते आणि माणूस ती सस्पेन्शनची समजून दुर्लक्ष करतो.

दुकानातल्या पोराला दोन्ही बोल्टना निळी शाई लावून एकाच खाचेत फिरवायला सांगितलं. शंकूच्या बोल्टने सगळी खाच निळी केली. गोल बोल्टने बारीक रेघ ओढली. पोराने दोन्हींचा फोटो काढून ठेवला. आता तो मला न विचारता गिऱ्हाइकाला समजावेल.

नवे बोल्ट १४ मिमी जाडीचे, दीडच्या पेचाचे, शंकूचे. लांबीही मापायची. जाडीएवढा तरी पेच हबमध्ये शिरायलाच हवा, म्हणजे नऊ-साडेनऊ फेरे. जास्त लांब बोल्टही चालत नाही. या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहेत, लांब बोल्टचं टोक आत जाऊन ब्रेकच्या यंत्रणेला घासू शकतं. म्हणून मागचा बोल्ट आवळून चाक हाताने पूर्ण फिरवून बघायचं.

१८ जानेवारी, गुरुवार

भोसरीचा लेथ बंद, आज त्यांची सुट्टी. हबच्या रिंगा उद्या.

१९ जानेवारी, शुक्रवार

पोलोच्या हबचा मधला गोल भाग ५७.१ मिमी. बाजारातल्या चाकाचं मधलं भोक ७३.१, सगळ्या गाड्यांना चालावं म्हणून मोठं ठेवलेलं. मधली पोकळी भरायला रिंग लागते. ती नसली तर चाक नुसत्या बोल्टांच्या भरवशावर मध्यात येतं, आणि थोडं जरी सरकून आवळलं गेलं तरी ८०-९०च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. मग लोक बॅलन्सिंग करून घेत राहतात. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक बरोबरच असतं, दोष गाडीवर बसवण्यात असतो.

प्लॅस्टिकच्या रिंगा तयार मिळतात आणि चांगल्या असल्या तर चालतातही. पण हा पोरगा सुट्टीला कोकणात उतरतो, घाटात ब्रेक तापतात. मला ॲल्युमिनियमच्या हव्या होत्या. लेथवाल्यांना मापं दिली. त्यांनी आधी मायक्रोमीटरने आमच्या हबचं माप स्वतः घेतलं, मग चाकाचं, आणि पहिली रिंग कातून हबवर सरकवून दाखवली. अंगठ्याने दाबली की जाते, सोडली की पडत नाही. हातात कसब असलेल्या माणसाचं काम बघत उभं राहायला मला आवडतं. कातलेल्या कडेवर नखही अडकलं नाही.

हब तारेच्या ब्रशने चकचकीत घासायचा आणि रिंगेला ग्रीसचा पुसटसा हात लावायचा. नाहीतर लोखंड आणि ॲल्युमिनियम पावसाळ्यात एकमेकांना धरून बसतात. बोल्टच्या पेचांना मात्र ग्रीस नाही. कंपनीचा टॉर्क कोरड्या पेचासाठी सांगितलेला असतो.

२० जानेवारी, शनिवार

टायरवर आयएसआयची खूण आणि तारखेचे चार आकडे बघून घेतले, ३१२३, म्हणजे २०२३ सालचा एकतिसावा आठवडा. टायर चढवले, बॅलन्सिंग केलं. चाकं बसवून बोल्ट एकाआड एक, चांदणीच्या क्रमाने, आधी हाताने, मग अर्धवट, मग गाडी खाली घेऊन टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटर. इम्पॅक्ट गनने शेवटचं आवळायचं नाही, हा दुकानाचा नियम.

मग खडूची परीक्षा. चारही कमानींच्या आतल्या कडेला आणि लायनरला पांढरा खडू चांगला फासला. मागच्या सीटवर तिघांना बसवलं, डिकीत दोन जुनी चाकं टाकली. आधी जागेवरच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग मागच्या रस्त्याच्या गतिरोधकावरून सावकाश, मग जरा जोरात, मग वळण घेत खड्ड्यातून.

परत आल्यावर टॉर्च लावून बघितलं. मागे डावीकडच्या कडेवरचा खडू चार बोटं लांब पुसला गेला होता आणि टायरच्या खांद्यावर पांढरी रेघ उमटली होती. मागे उजवीकडे पुसट. पुढे पत्र्याला काही नाही, पण स्टिअरिंग पूर्ण वळवून रिव्हर्स घेताना लायनरच्या मागच्या बाजूला स्पर्श झालेला. स्ट्रटच्या बाजूला स्वच्छ.

कागदावरचं आणि खडूवरचं जुळलं. भाच्याने स्वतः वाकून डावीकडचा पुसला गेलेला पट्टा बघितला, म्हणाला, "हीच ती १६ मिमीवाली बाजू." आनंद झाला.

२३ जानेवारी, मंगळवार

डेंटिंगवाले काका आले. कड दुमडताना घाई केली की रंग तडकतो, आणि तडकलेल्या रंगाखाली पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. बाहेरून दिसायला लागेपर्यंत पत्रा आतून खाल्लेला असतो. त्यांनी हीट गनने पत्रा हाताला सोसणार नाही इतका तापवला. रोलरने थोडं थोडं, पुढे-मागे, कड आत वर वळवत नेली. मध्येच थांबून तापवायचं, परत थोडं. एका कमानीला तासाहून जास्त गेला. शेवटी कडेच्या सांध्यात सीलर भरला आणि वर रंगाचा हात दिला. पुढच्या लायनरला तिथेच ऊब देऊन आत दाबलं, कात्री लावली नाही.

काही ठिकाणी बेसबॉलची बॅट टायर आणि पत्र्याच्या मध्ये घालून गाडी पुढे ढकलतात आणि कड वाकवतात. पत्र्याला लाट येते. मी ते करू देत नाही.

संध्याकाळी पुन्हा खडू, पुन्हा तिघं मागे. खडू जसाच्या तसा.

२५ जानेवारी, गुरुवार

भाच्याने आरटीओचं विचारलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: नोंदणीत लिहिलेल्या, कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा फेरफार मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, केरळातून आलेल्या एका प्रकरणात, हेच ठासून सांगितलं. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, टायर पत्र्याच्या बाहेर येऊ द्यायचा नाही, व्यास मूळच्या जवळ ठेवायचा, भाराचा आकडा मूळच्या खाली आणायचा नाही. आणि विमा कंपनीला नवी चाकं लेखी कळवायची, पॉलिसीत नोंद करून घ्यायची. स्प्रिंगांचंही कळव म्हटलं. तो जरा नाराज झाला. अपघात झाल्यावर सर्व्हेअरला काय दिसेल ते आधी आपणच सांगितलेलं बरं. मूळ चाकं आणि स्प्रिंगा माळ्यावर जपून ठेवायच्या, विकायच्या नाहीत.

२७ जानेवारी, शनिवार

अलाइनमेंट. गाडी खाली घेतली की टाय-रॉडचा कोन बदलतो आणि टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, हलतो. दिवाळीत स्प्रिंगा घातल्या तिथे अलाइनमेंट केलीच नव्हती. पुढची चाकं बाहेरच्या बाजूला उघडलेली होती. जुन्या पुढच्या टायरची आतली कड म्हणूनच भुंडी झालीय. टो कंपनीच्या मर्यादेत आणला. कॅम्बर दोन्हीकडे थोडा आत झुकलेला आहे, तो खाली घेतलेल्या गाडीला असतोच. मागे ट्विस्ट बीमला काही फिरवता येत नाही, फक्त वाचून लिहून ठेवलं.

नंतर भाच्यासोबत जुन्या कात्रज घाटाने वर जाऊन आलो. आधी स्टिअरिंग वळवल्यावर गाडी क्षणभर विचार करायची, टायरची उंच भिंत लवायची. आता हात वळला की नाक वळतं. खड्डे आधीपेक्षा जास्त कळतात, आणि रस्त्यावर चाकोरी पडलीय तिथे स्टिअरिंग किंचित ओढतं. रुंद टायरचा तो गुण आहे, त्याची सवय करावी लागेल. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा होता. मला स्वतःलाही ती गाडी सोडवेना, उतरताना मीच चालवली.

परत आल्यावर गाडी थंड होऊ दिली आणि सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासले. मागच्या उजव्या चाकाचा एक बोल्ट थोडा फिरला, बाकी पान्याने लगेच टक केलं. नवं चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरने हे करायचंच. रंगाचा थर दबतो, जागा बसते.

६ फेब्रुवारी, मंगळवार

भाच्याचा मित्र आला होता, त्याच चाकांचा सेट हवा म्हणाला. गाडी दुसरी, सेदान, चार बोल्टची. तिची चाकं काढून मापायला शनिवारची वेळ दिली.

१९ फेब्रुवारी, सोमवार. शिवजयंती

दुकान अर्धा दिवस. भाचा कोकणातून परत आला, येताना भरली गाडी, मागे आईवडील आणि आजी. ताई म्हणाली गाडी जरा कडक लागते, पण पोटात ढवळलं नाही. डेप्थ गेज लावून टायर मापले. पुढचे: आतली कड ७.१, मध्य ७.२, बाहेरची ७.२. मागचे चारही कडांना सारखे. मागच्या कमानींच्या कडा बोटाने चाचपल्या, सीलर धरून आहे, रंग कुठे उकललेला नाही. आतल्या बाजूने दोन्ही मागच्या टायरच्या खांद्यांवर खूण नाही. पुढच्या टायरची आतली कड मध्यापेक्षा एक मिमीने मागे पडली की टो पुन्हा बघायचा, असं त्याच्या गाडीच्या पानावर लिहिलं. पुढची तपासणी पावसाळ्याआधी, मेमध्ये: सीलर, बोल्ट, रिंगा काढून हब साफ.